आमच्या नवोदयला...

लग्नाच्या पंगतीत बोर्डिंगात वाढलेला माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या नजरेकडे पाहावं. बाकीचे ताटाकडे बघत असतात, हा वाढप्याकडे बघत असतो. वाढपी कुठल्या टोकाकडून निघालाय, बादलीत गुलाबजाम किती उरलेत, आपल्यापर्यंत येईस्तोवर ते पुरतील की नाही, हा सगळा हिशेब त्याच्या पहिल्या घासाआधीच उरकलेला असतो. डावा हात ताटाच्या कडेनं असा आडवा टाकलेला, की कुणाच्या मनात आलं तरी त्यातल्या पापडापर्यंत पोचणं शक्य नाही. शेजारचा अजून मठ्ठ्याची वाट पाहतोय तोवर ह्याचं जेवण आटोपतं, आणि तो स्वतःचं ताट उचलून नळ शोधत मांडवभर हिंडू लागतो. वधूपिता धावत येऊन ताट हिसकावून घेतो. "अहो, हे काय! माणसं आहेत ना!" तेव्हा तो ओशाळं हसून म्हणतो, "सवय आहे हो. आमच्या नवोदयला..."

आमच्या घरी हे दोन शब्द ऐकू आले की बायको गॅस बारीक करते. अजून दीड तास तरी पाटावर कुणी येत नाही, हे तिला अनुभवानं ठाऊक आहे.

बोलणारे गृहस्थ म्हणजे माझे साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान, त्यामुळे घरातल्या लहानथोरांचे दाजी, आणि घरात सगळेच म्हणतात म्हणून माझेही दाजीच. वय पन्नाशीचं. वाळूजच्या एका कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर आहेत, हाताखाली माणसं आहेत, संभाजीनगरला स्वतःचा फ्लॅट आहे. पण प्रवासात शेजारच्यानं "आपण कुठले?" असं विचारलं तर गाव, जिल्हा, कारखाना ह्यांतलं काहीही आधी येत नाही. "मी नवोदयचा," असं ते सांगतात आणि समोरचा काही बोलतोय का ह्याची वाट बघत थांबतात. समोरचाही नवोदयचा निघाला तर मग तो प्रवास संपेपर्यंत इतरांनी झोपावं हे बरं.

ज्यांच्या नात्यात असा माणूस नाही (असतील काही नशीबवान), त्यांच्यासाठी थोडं सांगितलं पाहिजे. १९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात जिल्ह्याला एक निवासी शाळा काढायचं ठरलं. खेड्यातल्या हुशार पोरांना पाचवीनंतर उचलायचं, सहावीपासून बारावीपर्यंत ठेवून घ्यायचं, राहणं-खाणं-कपडे-पुस्तकं सरकारनं बघायची. पंचाहत्तर टक्के जागा खेड्यांना, एक तृतीयांश मुलींना. धोरण येण्याआधी, १९८५-८६मध्ये, प्रयोग म्हणून दोन शाळा सुरू झाल्या होत्या, एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. त्यामुळे कुठंही अमरावतीचा माजी विद्यार्थी भेटला की दाजींचा आवाज एक पट्टी खाली येतो. बाकी कुणाला ते मोजत नाहीत. आज देशात अशा साडेसहाशेच्या आसपास शाळा आहेत. तामिळनाडूनं मात्र हिंदीच्या मुद्द्यावर वर्षानुवर्षं ह्या शाळेला दाराबाहेर ठेवलं. दाजींना त्याचं मनापासून वाईट वाटतं. "एवढं मोठं राज्य," ते म्हणतात, "आणि एकालाही पीटी माहीत नाही."

सहावीच्या प्रवेशाची परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. ह्या एका गोष्टीवर दाजींचा सगळा अभिमान उभा आहे. त्यांच्या वर्गातला एकजण पुढे स्पर्धा परीक्षा देऊन पोलिसांत मोठा साहेब झाला, त्यालासुद्धा ते ऐकवतात, "तुझ्या यूपीएससीला सहा-सहा चान्स मिळतात. नवोदयला एकच. सांग, अवघड काय?" साहेबही मान डोलावतात. ते नवोदयचेच आहेत.

आमच्या जिल्ह्याचं नवोदय कन्नडला. आणि संभाजीनगरहून कन्नडला जायचं म्हणजे दौलताबादचा किल्ला मागं टाकून घाट चढायचा आणि खुलताबादवरूनच पुढं वेरूळकडे उतरायचं. मी खुलताबादेत राहतो. माझ्या गृहस्थाश्रमातल्या निम्म्या घडामोडी ह्या भूगोलामुळे घडलेल्या आहेत.

खुलताबादचा एक गुण जगाला माहीत आहे. इथं जे मुक्कामाला आले ते परत गेले नाहीत. सूफी संत आले, इथलेच झाले. मलिक अंबर इथंच आहे. मेला अहमदनगरला, पण औरंगजेब बादशहालाही शेवटी इथंच आणलं. दाजी आणि त्यांचे वर्गबंधू त्याच परंपरेतले. शाळेच्या मेळाव्याला कन्नडला निघतात, "दहा मिनिटं, फक्त चहा," असं फोनवर सांगतात, आणि बसले की बसले. सकाळी नवाला आलेली माणसं साडेबाराला माझ्याच अंगणात सहावी 'ब' भरवून बसलेली मी पाहिली आहेत. तिकडं कन्नडला सत्काराचे नारळ वाट बघत असतात.

त्यांचं बसणंही पाहण्यासारखं. आधी हाउसप्रमाणे विभागणी होते. अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी. देशातल्या कुठल्याही नवोदयात हीच चार नावं. पस्तीस वर्षांमागं कुणाच्या छातीवर निळी पट्टी होती आणि कुणाच्या लाल, त्यावरून आज माझ्या ओसरीवर कोण कुणाशेजारी बसणार हे ठरतं. जात, हुद्दा, पगार, गाडी ह्यांना तिथं कुणी विचारत नाही. एकदा दारात पोलिसांची गाडी थांबली. पुढच्या सीटवरून साहेब उतरले, मागं हवालदार. गल्लीतली पोरं खेळायची थांबली. मी आत जाऊन शर्ट घालून येईपर्यंत दाजींची आरोळी बाहेर गेलेली होती, "ए ढेकण्या! इतका उशीर?" हवालदार एकदम समोरच्या कडुलिंबाकडे टक लावून बघू लागला. साहेबांनी शांतपणे टोपी काढली, ड्रायव्हरच्या हातात दिली, आणि चार पावलं पुढे येऊन दाजींच्या पाठीत असा गुद्दा घातला की तो बायकोला स्वयंपाकघरात ऐकू आला.

ह्या सगळ्या गोतावळ्याचा म्होरक्या मात्र साहेबही नव्हेत आणि दाजीही नव्हेत. तो आमच्याच तालुक्यातला एक शेतकरी. नवोदयला शिकला, बारावी झाला, बाप अंथरुणाला खिळला म्हणून गावी परतला आणि तेव्हापासून अद्रक करतो. आमच्याकडे खुलताबाद-कन्नड पट्ट्यात अद्रक म्हणजे जुगारच. एखाद्या साली ट्रॅक्टर दारात येतो, एखाद्या साली होता तो जातो. तर हा शेतकरी शाळेत मेस कॅप्टन होता. बस्स. ते पद त्यानं एकदा घेतलं ते आजतागायत सोडलेलं नाही. तो आल्याशिवाय माझ्या घरी पंगत बसत नाही. आला की तडक स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहतो, बायकोला म्हणतो, "वहिनी, पळी माझ्याकडे द्या," आणि मग कुणाला किती हे तोच ठरवतो. पुण्याच्या कंपनीत कोटीतला माणूस, पोलिसातले साहेब, वाळूजचे दाजी, सगळे ताटं घेऊन त्याच्यापुढे रांगेत. साहेबांनी एकदा दुसऱ्यांदा भजी मागितली. मेस कॅप्टननं वरही न बघता सांगितलं, "सगळ्यांचं झाल्यावर." साहेब परत जागेवर जाऊन बसले.

आठवणी सुरू झाल्या की त्यांनाही काही कायदे आहेत. पहिला असा, की शाळेबद्दल चांगलं बोलायचं ते वाईट सांगूनच. थंडी, पहाटे पाचची बेल, बादलीतलं गार पाणी, मैदानाला फेऱ्या, संध्याकाळचा अभ्यास, रात्रीची हजेरी. जो जास्त गारठला तो जास्त मोठा. मेसच्या वरणाबद्दल दाजी जे सांगतात ते देशातल्या कुठल्याही बोर्डिंगात राहिलेला माणूस सांगतो. त्यामुळे त्यात खरं किती आणि परंपरेनं आलेलं किती, हे ठरवणं कठीण. पण दाजी ते सांगताना डोळे मिटतात. "त्या वरणात तोंड दिसायचं, तोंड. भांग पाडून घ्यायचो आम्ही." आणि समोर बायकोनं घट्ट, तूप घातलेलं, हिंगाचा वास सुटलेलं वरण वाढलेलं असतं. त्यात ते बोट फिरवतात आणि उसासतात. संसारात कुठल्या बाईच्या हातचं वरण त्या पातळ वरणाशी बरोबरी करू शकलेलं नाही. माझ्या मेव्हणीनं तीन दशकं प्रयत्न करून पाहिला. एकदा वैतागून तिनं खरंच पाणी घातलं. दाजी म्हणाले, "छे, हे मुद्दाम केल्यासारखं लागतं."

दुसरा कायदा डब्याचा. महिन्याकाठी एखाद्या रविवारी घरचे भेटायला येत. बाप लाल गाडीनं यायचा, पिशवीत लाडवांचा डबा. दाजी तो प्रसंग सांगतात तेव्हा बापाचं कसं होतं हे फारसं येत नाही. डबा मात्र बारीकसारीक तपशिलानं येतो. पितळी कडीचा डबा, आत वर्तमानपत्राचा कागद, कागदाला तुपाचे डाग. डबा उघडला की डॉर्मिटरीत कुणालाच कुणी बोलवावं लागत नसे. हाउस कॅप्टनचा वाटा आधी निघायचा. मग सगळे. डब्याच्या मालकाला शेवटी जो चुरा उरे तो, आणि तुपाचा कागद. दाजी शपथेवर सांगतात की तो कागद त्यांनी चाटलेला आहे आणि त्यावरची बातमी त्यांना अजून आठवते. कोणती ते मात्र दर वेळी वेगळं असतं.

म्हणूनच पेटी. हिरव्या रंगाची लोखंडी पेटी, वर पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव आणि क्रमांक. तिचं कुलूप भक्कम, आणि किल्ली करदोड्याला. आंघोळीलासुद्धा ती किल्ली कमरेलाच राहायची. ती पेटी आजही दाजींच्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली आहे. त्यात आता हिवाळ्याच्या गोधड्या असतात, पण कुलूप आहे, आणि किल्ली कुठंय हे ताईंनाही माहीत नाही. दरवर्षी दिवाळीनंतर थंडी पडली की ताई गोधडी मागतात आणि दाजी त्यांना पाठ करून उभं राहायला सांगतात.

नववीत ह्या शाळेचा आणखी एक प्रकार असतो. वर्गातली तीस टक्के पोरं एक वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला जातात आणि तिकडची तितकीच इकडं येतात. दाजी त्या तिसातले. चौदा वर्षांचं पोर, उभ्या आयुष्यात कन्नडपलीकडचा औट्रम घाट उतरून चाळीसगावसुद्धा पाहिलेलं नाही, ते रेल्वेनं पार उत्तरेत जाऊन पडलं. तिथल्या थंडीनं आणि तिथल्या बोलीनं त्यांना घडवलं, असं ते सांगतात. परिणाम आजही दिसतात. त्या शाळांत आठवीनंतर गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्रं हिंदीतून शिकवतात. त्यामुळे दाजी हिशेब इंग्रजीत करतात, भांडतात मराठीत, आणि इतिहास आठवायचा झाला तर तो त्यांना हिंदीत आठवतो. आग्र्याहून सुटकेची गोष्ट त्यांनी माझ्या मुलाला सांगितली त्यात महाराज "पिटारे में बैठकर" निसटले. पण थट्टा पुरे. वाळूजच्या कारखान्यात बिहारचे कामगार पुष्कळ, आणि दाजी त्यांच्याशी असे काही बोलतात की कामगार आधी हसतात आणि मग कामाला लागतात. त्यांच्या वरिष्ठांना हे कसं होतं ते अजून कळलेलं नाही.

ह्या आठवणी वाढतातही. सीताफळांची गोष्ट घ्या. दौलताबादपासून वरच्या सगळ्या डोंगरपट्ट्यात दसरा-दिवाळीच्या सुमाराला सीताफळं पिकतात. तेव्हा कुणाच्या तरी मळ्यात दाजी धरून चौघं वर्गबंधू कुंपणावरून गेले. माझ्या लग्नात मी पहिल्यांदा ही गोष्ट ऐकली तेव्हा त्यात सहा सीताफळं होती आणि मळेवाल्याचं एक कुत्रं. थोरल्याच्या बारशाला अर्धं पोतं सीताफळं झाली आणि कुत्र्यांची जोडी. मधल्या काळात कुत्र्यांचं तरस झालं. आता गेल्या काही वर्षांत कन्नडच्या बाजूला, गौताळ्याच्या जंगलालगत बिबट्या दिसल्याच्या बातम्या पेपरात येऊ लागल्यापासून तो बिबट्या आहे. गौताळ्यात बिबटे खरंच आहेत, त्यामुळे आम्हाला हरकतही घेता येत नाही. एकदा दाजी हात धुवायला गेलेले पाहून मी मेस कॅप्टनला हळूच विचारलं. तो म्हणाला, "कुत्रंच होतं. बांधलेलं होतं."

ताईंना ह्या सगळ्या गोष्टी तोंडपाठ आहेत. दाजी अडखळले तर त्या आतून पुरवतात, "निलगिरीचा नव्हे हो, तो शिवालिकचा. निलगिरीच्याला गोवर निघाला होता." दाजींच्या वर्गातल्या पोरांचे हजेरी क्रमांक त्यांना येतात. त्यांची स्वतःची शाळा गावापासून दूर, रोज चिखलातून जाऊन-येऊन करत त्या दहावी झाल्या, चपला हातात घेऊन. त्याच्या आठवणी त्यांना कुणी विचारल्याचं मी पाहिलेलं नाही. बोर्डिंगात राहिलेल्या माणसाला आठवणी असतात आणि रोज घरी येणाऱ्याला फक्त शाळा असते, असा काहीतरी समज आहे.

मेळाव्याला त्यांच्या वर्गातल्या एक डॉक्टरीणबाई येतात. उदयगिरीच्या. त्या बोलू लागल्या की पुरुषमंडळी अस्वस्थ होतात, कारण त्यांची स्मरणशक्ती चांगली आहे. दाजी एकदा अंगणात बेडरपणाचं आख्यान लावून बसले होते. बाईंनी कपातला चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "सहावीत गाडी सुटली की तू फाटकाला धरून रडायचास. वडिलांची पाठ दिसेनाशी झाली तरी फाटक सोडायचा नाहीस. मॅडम बोटं एकेक करून सोडवायच्या." कुणी काही बोललं नाही. मग साहेब म्हणाले, "फाटक मजबूत होतं तेव्हाचं." सगळे हसले, दाजी जरा उशिरानं हसले.

पण दाजींना खरा शह देणारा माणूस एकच, आमचे सासरे. आम्ही दोघं जावई त्यांना मामा म्हणतो. मामा आता पंच्याऐंशीच्या घरात. तेही बोर्डिंगातले, पण पन्नासच्या दशकातल्या. दाजींचं सुरू झालं की मामा काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहतात. त्या दिवशी बेलचं चाललं होतं, पहाटे पाचला वाजणारी बेल काळजात कशी घुसायची वगैरे. मामा म्हणाले, "आम्हाला बेल नव्हती."

"मग उठायचात कसे?"

"भुकेनं."

मग मामांनी थोडं सांगितलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ला पोरं गोळा केली, पण आमच्याकडे १९४८पर्यंत निजाम, त्यामुळे त्यांच्या खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला बोर्डिंग हा शब्दच उशिरा कळला. महिन्याची ज्वारी घरून डोक्यावर आणायची. ती मापून कोठीत जमा. ज्याची ज्वारी संपली त्यानं शनिवारी चालत गावी जायचं आणि सोमवारी घेऊन यायचं. स्वयंपाक पाळीनं. मामांची पाळी आली की भाकरी जळे, म्हणून पोरांनी त्यांना पाण्यावर लावलं, पाणी आडावरचं. दाजी गप्प झाले होते. इतका वेळ गप्प बसलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मामांनी शेवटचा घाव घातला. "आणि तुम्हाला, म्हणे, साबणसुद्धा सरकार द्यायचं."

"महिन्याला एकच वडी द्यायचे, मामा!" दाजी कळवळून म्हणाले.

मामांनी काठी उचलली आणि आत निघून गेले.

दाजी मुक्कामाला राहिले तर पहाटेचा कार्यक्रम निराळा. पाच वाजता गच्चीवर धपधप आवाज येतो. खाली आमच्या पंख्याची पाती हलतात. सहा वाजता ते माझ्या मुलांची पांघरुणं ओढतात आणि सगळ्यांना भद्रा मारुतीला चालवत नेतात. श्रावणातला शनिवार असला तर रस्ता माणसांनी भरलेला असतो. संभाजीनगरहून लोक रात्रीच पायी निघतात आणि उजाडता उजाडता इथं पोचतात. दाजी त्या गर्दीतून ताठ चालत पुढे जातात, जणू हे सगळे आपल्याच हाउसचे. आपला भद्रा मारुती निजलेला. उभ्या मारुतीची देवळं गावोगाव, पण असा आडवा, निवांत पहुडलेला मारुती पाहायला लोक लांबून येतात. दाजी हात जोडतात, डोळे मिटतात, आणि बाहेर पडताना दर वेळी तेच बोलतात, "एवढा बलभीम, पण पीटी सरांच्या हाती लागला नाही म्हणून वाचला." माझा धाकटा मुलगा मारुतीच्या पायाशी डोकं टेकवून काय मागतो ते मी एकदा ऐकलं. असंच झोपू दे, म्हणत होता.

दाजींना आपला मुलगा नवोदयलाच जावा असं फार वाटायचं. पण तो शहरात वाढलेला, शाळेची बस दारात येणारी, आणि ताईंनी स्पष्ट सांगितलं की एका घरात एक पेटी पुरे. तेव्हा सगळी आशा मेस कॅप्टनच्या पोरीवर होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला, डोकं बापाचं. वर्षभर दाजी दर रविवारी संभाजीनगरहून येऊन तिला आकृत्यांची कोडी घालत. साहेबांनी पुस्तकं पाठवली. डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासून दिले. निकाल लागला, पोरगी यादीत आली, आणि मेस कॅप्टननं अद्रकाला भाव नसलेल्या त्या वर्षी तालुक्यात पेढे वाटले.

सोडायला सगळे गेले. पेटी नवी, हिरवी, नाव दाजींनी स्वतः रंगवलेलं. वाटेत सूचनांचा नुसता मारा. डबा उघडायचा तर भिंतीकडे तोंड करून. मोजे उशीखाली. बादलीला खूण. किल्ली कुणाला दाखवायची नाही. आणि रडू आलं तर, दाजी म्हणाले आणि मध्येच थांबले, रडू आलं तर फाटकापाशी जायचं नाही. पोरगी खिडकीबाहेर मका बघत होती.

भेटीच्या पहिल्या रविवारी पुन्हा सगळी वरात कन्नडला. परतताना अर्थातच माझ्या दारात. मी सतरंजी टाकली, बायकोनं चहाचं पातेलं मोठं चढवलं. दाजी ओट्यावर टेकले, पण टेकल्यासारखे वाटेनात.

"काय म्हणते पोरगी? रडली का?"

"नाही."

"पहाटेची बेल?"

मेस कॅप्टन म्हणाला, "ती म्हणते, घरी म्हशीच्या धारेला चारला उठत होते, इथं तासभर जास्त झोपायला मिळतं."

"आणि डबा? लाडू पोचले का तिच्यापर्यंत?"

"पोरींनी ताटल्या मांडून सारखे वाटून घेतले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिलाही दोन आले. किल्ली तिनं मॅडमकडे ठेवायला दिलीय, हरवेल म्हणून."

मी दाजींकडे पाहिलं. ते चपला घालत होते. चहा अजून उकळलेला नव्हता. खुलताबादच्या माझ्या वास्तव्यात ही मंडळी खरोखरच दहा मिनिटांत उठण्याची ही पहिलीच वेळ.

"अहो दाजी, झालं काय?"

दाजींनी मेस कॅप्टनकडे बघितलं. मेस कॅप्टननं खाली बघितलं.

"वरण घट्ट आहे म्हणाली," दाजी म्हणाले. "शाळा पार बिघडली हो."